घडीच्या गाडीचें छप्पर कां अडतें ?

विहिरीवरचा रहाट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल, व पुष्कळांनीं तो ओढलाही असेल. तंबूही सर्वांस ठाऊक आहे. जे स्काउटांच्या छावणीस जातात त्यांनीं तो ठोकला आहे, आणि रात्रीं वारा सुटल्यावर उडतांना धरूनही ठेविला आहे. या दोन परिचित वस्तूंची सांगड घालून अमेरिकेंतील लोकांनीं एक गमतीची गाडी केली आहे. तिची, व तिच्या छपरानें आम्हांस एका उन्हाळ्यांत जो धडा दिला त्याची, हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गाडी मोटारीच्या मागें जोडून न्यावयाची असते. वाटेनें जातांना ती झांकण लावलेल्या मोठ्या पेटाऱ्यासारखी दिसते. मुक्कामाच्या जागीं पोंचल्यावर पुढच्या बाजूचें हँडल फिरवूं लागलें कीं पेटाऱ्याचें झांकण, तेंच गाडीचें छप्पर, चार कोपऱ्यांच्या चार खांबांवर सरळ वर चढूं लागतें. मग पुढचा व मागचा असे दोन पलंग खणांप्रमाणें बाहेर ओढावयाचे, आणि आंत घडी घालून ठेविलेली कॅनव्हासची कनात ताणून बसवावयाची. पाहतां पाहतां पेटाऱ्याची खोली होते, व तींत एका कुटुंबाची निजण्याची, चहापाण्याची सोय होते. इंग्रजींत हिला ‘पॉप-अप कँपर’ म्हणतात. आम्ही तिला घडीची गाडी म्हणूं.

या गाड्यांचें माहेरघर म्हणजे अमेरिकेच्या इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट परगणा. तेथील मिडलबरी गांवाजवळ लॉइड बोनट्रेजर नांवाच्या गृहस्थानें १९६८ सालीं आपल्या शेतावरील कोंबड्यांच्या दोन खुराड्यांत व एका गोठ्यांत या गाड्यांचा कारखाना काढला. तोच पुढें ‘जेको’ या नांवानें प्रसिद्धीस आला. त्याच्या आदल्याच वर्षीं कंदील व स्टोव्ह यांबद्दल नांवाजलेली कोलमन कंपनीही या धंद्यांत उतरली होती. जातां जातां सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं, १८९९ सालीं जे मेनोनाइट मिशनरी आपल्या देशांत धमतरी येथें येऊन राहिले, त्यांचा संबंधही याच एल्कहार्टशीं होता. असो.

नवी गाडी महाग पडते, म्हणून पुष्कळ लोक दहा-वीस वर्षें वापरलेली गाडी घेतात. आमच्या भाच्यानेंही तेंच केलें. तो मिशिगन राज्यांत नोकरीस आहे, व त्या उन्हाळ्यांत आम्ही त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेलों होतों. मुलास घेऊन मिशिगन सरोवराच्या कांठीं चार दिवस मुक्काम करावा, असा त्याचा बेत होता. विकणाऱ्या गृहस्थानें छप्पर एकदां अर्ध्यावर नेऊन दाखविलें व “सर्व ठीक आहे” म्हणून सांगितलें. भाच्यानें पैसे मोजले आणि गाडी घरीं आणिली. आमचें मत विचाराल तर, जुनी गाडी घेतांना विकणाऱ्याकडून छप्पर पूर्ण वर, पूर्ण खालीं, आणि पुन्हां एकदां पूर्ण वर, असें करून घ्यावें, व आपण त्या वेळीं छपराकडे न पाहतां चारी कोपऱ्यांकडे पाहावें. दोष असला तर तो बहुधा वरच्या अर्ध्या प्रवासांतच दिसतो.

आतां हें छप्पर वर कसें चढतें तें पाहूं. कारण यंत्राची रचना ज्यास ठाऊक नाहीं त्यास यंत्राचा दोष सांपडत नाहीं. गाडीच्या पुढच्या टोंकास एक लहानसा रहाट बसविलेला असतो. त्यास विंच म्हणतात. हँडल फिरविलें कीं दात्यांचें एक लहान चाक मोठ्या चाकास फिरवितें, मोठ्या चाकाबरोबर ढोल फिरतो, आणि ढोलावर पोलादी तारांचा पिळलेला दोर गुंडाळला जातो. हा मुख्य दोर गाडीच्या तळाखालीं जाऊन एका आडव्या दांडीच्या मध्यास जोडलेला असतो. त्या दांडीच्या दोन टोंकांस आणखी दोन लहान दांड्या, व त्यांच्या चार टोंकांपासून चार दोर चार कोपऱ्यांकडे गेलेले असतात. सर्वच गाड्यांची रचना हुबेहूब अशी नसते. कित्येकींत चारी दोर एकाच पक्क्या तुकड्यास बांधलेले असतात. परंतु आमच्या भाच्याच्या गाडींत दांड्या होत्या, म्हणून आम्ही त्यांच्याविषयीं सांगतों.

या दांड्यांस व्हिफलट्री म्हणतात. हा शब्द मूळचा घोड्यांच्या औताचा. दोन घोडे शेजारीं शेजारीं जुंपले असतां एक थोडा पुढें व एक थोडा मागें झाला, तरी ओढ दोघांवर सारखी पडावी म्हणून जी मध्यावर फिरती दांडी लावीत, तिचें हें नांव. आपल्याकडील बैलांच्या जुवावरून ही गोष्ट सहज ध्यानांत येईल. एक बैल रेंगाळला कीं जूं तिरपें होतें, आणि गाडीवान नुसतें जूं पाहून कामचुकार बैल ओळखतो. गाडीच्या तळाखालची दांडीही अशीच तिरपी होऊन कोणता कोपरा अडला आहे तें सांगत असते. मात्र तें पाहावयास माणसानें खालीं वाकावें लागतें, आणि वाकण्याचा आळस सर्वांसच असतो.

येथें चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं, दोर ओढूं शकतो, पण ढकलूं शकत नाहीं. मग छप्पर खालून वर ढकललें कसें जातें? प्रश्न रास्त आहे. सुतळी ढकलून कोणी कांहीं वर चढविलेलें नाहीं. यासाठीं प्रत्येक कोपऱ्यांत दाट वेढ्यांची एक लांब स्प्रिंग घातलेली असते. ती मोकळी धरली तर सापासारखी वांकते. परंतु नळींत घातली असतां तिला बाजूस वांकावयास जागा राहत नाहीं, व मग ती वळणांतून सरकूं शकणाऱ्या काठीचें काम करते. दोर त्या स्प्रिंगचें बूड ओढतो. स्प्रिंग नळींतून सरकत खांबांत शिरते, आणि दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकांत एक बसलेले खांबाचे तुकडे वर ढकलते. अशा चार स्प्रिंगा एकाच वेळीं सारख्या सरकल्या तर छप्पर पाण्यावर तरंगणाऱ्या पाटासारखें सपाट वर येतें. एक जरी मागें राहिली, तरी तें तिरपें होतें, खांब आपल्या नळ्यांत आवळले जातात, व सर्व खेळ बिघडतो.

आतां थोडें गणित. समजा, हँडलाची लांबी २४ सेंटिमीटर आणि ढोलाची त्रिज्या ४ सेंटिमीटर आहे; म्हणजे बळ येथेंच सहापट झालें. लहान चाकास १० दांते व मोठ्यास ४० असले, तर तें आणखी चौपट झालें. सहा चोक चोवीस. आपण हातानें १० किलोचा जोर लावला, तर घर्षण सोडून दिल्यास मुख्य दोरावर २४० किलोची ओढ पडते. म्हणूनच दोघां धट्ट्याकट्ट्या माणसांस जें छप्पर सहज उचलत नाहीं तें शाळकरी मुलगा एका हातानें वर नेतो. अर्थात् फुकट कांहींच मिळत नाहीं; छप्पर एक हात वर जावयास आपला हात चोवीस हात फिरावा लागतो.

परंतु या चोवीसपटींत एक धोका दडलेला आहे, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तोच आहे. जें हँडल आपलें बळ वाढवितें तेंच आपल्यापासून वजन लपवितें. चार दोर मिळून २४० किलो उचलीत असतां एकेकावर ६० किलो येतात. पण एक कोपरा गंजून घट्ट बसला, व दांडी तिरपी होऊन होऊन तिची मर्यादा संपली, म्हणजे पुढची सारी ओढ त्या एका दोरावर जाऊं लागते. हातास मात्र ‘जरा जड लागतें आहे’ एवढेंच कळतें, आणि माणूस आपल्या दंडाचा अभिमान बाळगून आणखी एक फेरा देतो. तो फेरा बहुधा शेवटचा असतो. हँडल दोनच गोष्टी खऱ्या सांगतें: एकाएकीं जड झालें, किंवा एकाएकीं हलकें झालें. दोन्ही वेळीं हात थांबवावा.

आमच्या येथें प्रारंभच चुकीनें झाला. भाच्यानें अंगणांत गाडी उभी केली, मोठ्या उत्साहानें हँडल धरलें, आणि चार फेऱ्यांतच तें जड झालें. पाहतों तों छप्पर खालीं धरून ठेवणाऱ्या चार कड्यांपैकीं दोन सोडावयाच्या राहिल्या होत्या. ही चूक हंसण्यासारखी वाटते, पण कित्येक दोर याच चुकीनें तुटतात. म्हणून क्रम असा ठेवावा: गाडी प्रथम सपाट जागीं उभी करून चाकांस अटकाव घालावा, मग कोपऱ्यांचे आधाराचे जॅक जमिनीस नुसते टेंकवावे, त्यांनीं गाडी उचलूं नये, कारण त्यानें सांगाडा पिळला जातो व पिळलेल्या सांगाड्यावरचे खांबही तिरपे होतात, मग सर्व कड्या सोडून, गाडीभोंवतीं एक फेरी घालून, त्या सुटल्याची खात्री करावी, आणि छपरावर पावसाचें पाणी, बर्फ किंवा सायकली असल्या तर त्या काढल्यावरच हँडलास हात लावावा.

कड्या सोडल्यावर छप्पर निघालें. तीन कोपरे चढूं लागले. डाव्या बाजूचा मागचा कोपरा वीतभर मागें राहिला, व मग ‘खट्’ असा आवाज होऊन एकदम वर आला. पुन्हां मागें राही, पुन्हां ‘खट्’. भाचा म्हणाला, “मामा, जरा जोर लावला कीं सरळ होईल.” जोर न लावण्याचा सल्ला देण्याइतकें शहाणपण आम्हांस होतें, परंतु पुढें जें केलें त्यांत शहाणपण नव्हतें. आमच्या घरीं शिवण्याचें यंत्र आहे, विहिरीवर रहाट होता. जें कुरकुरतें त्यास तेल घालावें, हा नियम आम्ही जन्मभर पाळीत आलों. आम्हीं तेलाची बुधली मागितली, खांबांस तेल दिलें, कप्प्यांपर्यंत हात पोंचला नाहीं म्हणून त्या राहूं दिल्या, आणि उरलेलें तेल मोठ्या समाधानानें विंचमध्यें ओतलें.

हें विंच ब्रेकचें होतें. त्याच्या पोटांत घर्षणाच्या चकत्या असतात. छपराच्या वजनानें ढोल उलटा फिरूं लागला कीं या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात व छप्पर जागच्या जागीं राहतें. हँडल सोडून दिलें तरी तें खालीं येत नाहीं. चकत्यांचें सारें काम त्यांच्या कोरडेपणावर चालतें. दात्यांस थोडें ग्रीस असावें, ढोलाच्या आंसास थोडें तेल असावें, परंतु चकत्यांस तेलाचा थेंबही लागूं नये. तो आम्हीं बुधलीभर लाविला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं छप्पर वर नेऊन भाचा कनातीच्या कड्या शोधावयास घरांत गेला. पलंग अजून ओढले नव्हते, खांबांस टेंकू नव्हते. भाच्याचा मुलगा, वय वर्षें नऊ, पेटाऱ्याच्या कडेवर पोट टेंकून, आंत पडलेला आपला चेंडू काढीत होता. आम्ही पांच पावलांवर उभे होतों. छप्पर खालीं येऊं लागलें तें आवाज न करतां. वर जातांना या विंचमधून ‘टिक् टिक्’ असा आवाज येतो. खालीं येतांना येत नाहीं. भाचेसुनेनें खिडकींतून पाहिलें व ती ओरडली. आम्हीं मुलास कमरेस धरून मागें ओढलें. छप्पर हातभर खालीं येऊन मध्येंच तिरपें अडकलें, कारण तो डावा मागचा कोपरा आवळून बसला होता. ज्या दोषास आम्ही आदल्या दिवसापासून नांवें ठेवीत होतों त्यानेंच मुलाचे हात वांचविले. त्या दिवशीं आम्हीं जेवणाचें पान तसेंच ठेवून उठलों.

यानंतर आम्हीं पहिलें काम केलें तें चार टेंकू करण्याचें. जाड लांकडाचे चार खांब, गाडीच्या कडेपासून छपराच्या कडेपर्यंतच्या उंचीचे, कापून घेतले. छप्पर वर नेल्याबरोबर हे चारी कोपऱ्यांत उभे करावयाचे, आणि मगच कोणीही आंत वाकावयाचें. दुरुस्तीच्या वेळीं तर त्यांवांचून चालतच नाहीं. कारण छपराचा भार दोरांवर असतां दोरास किंवा स्प्रिंगेस हात लावणें म्हणजे ताणलेल्या धनुष्यापुढें तोंड नेण्यासारखें आहे. आधीं भार टेंकूंवर घ्यावा, मग दोर ढिले करावे, मग खिळे-पाने हातीं घ्यावे. अडकलेलें छप्पर टेंकूंवर घेण्यास आम्हांस शेजारचे चौघे बोलवावे लागले. चार कोपऱ्यांस चौघे, सर्वांनीं एकदम थोडें उचलावयाचें, टेंकूंखालीं फळीचे तुकडे सारावयाचे, पुन्हां थोडें उचलावयाचें. एकच कोपरा एकदम फार उचलला तर छप्परच पिळून फुटतें.

मग भाचा पाठीवर निजून गाडीखालीं शिरला व बॅटरीच्या उजेडांत त्यानें दांड्या पाहिल्या. मागची दांडी स्पष्ट तिरपी होती. तिच्या डाव्या टोंकापासून निघालेल्या दोरावरून बोटानें नव्हे, जाड फडक्यानें, हात फिरवीत तो निघाला. हा बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: दोरांतली एखादी तार तुटली असली तर तिचें टोंक सुईसारखें वर आलेलें असतें, उघड्या हातास तें भोंसकतें, फडक्यास तें नुसतें अडकतें, आणि दोष सांपडतो. येथें फडकें एका कप्पीपाशीं अडकलें. कप्पी फिरतच नव्हती. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत रस्त्यांवरचें बर्फ वितळावें म्हणून मीठ पसरतात. तें खारें पाणी वर्षानुवर्षें गाडीच्या तळावर उडून कप्पीचा आंस गंजून एकजीव झाला होता. दोर तिच्यावरून फिरण्याऐवजीं घांसत जात होता, व त्यानें कप्पींत करवतीसारखी खांच पाडली होती. त्या खांचेंत दोर रुते, ओढ वाढली कीं सुटे. तोच आमचा ‘खट्’. रोग तळाशीं होता, आणि तेल आम्हीं खांबाच्या माथ्यावर घातलें होतें.

हीच तपासणीची रीत सर्व दोषांस लागू पडते: जेथें दोष दिसतो तेथें न थांबतां, हँडलापासून निघून बळ ज्या वाटेनें जातें त्या वाटेनें क्रमाक्रमानें जावें. हँडल फिरतें पण एकही कोपरा हलत नाहीं, असें असेल तर दोष चार कोपऱ्यांत शोधणें व्यर्थ आहे. ढोल फिरतो कीं नाहीं तें पाहावें. ढोल फिरत नसेल तर दांते झिजले किंवा खीळ तुटली. फिरत असेल तर मुख्य दोर तुटला किंवा त्याची गांठ सुटली. एक कोपरा मागें राहून मग येतो, तेव्हां कप्पी, वांकलेला खांब किंवा नळींत साचलेली माती यांपैकीं कांहीं असावें. दांड्यांच्या गाडींत दोन कोपरे एकदम गळाले तर दोन दोर तुटले अशी समजूत करून घेऊं नये. एका दोराच्या तुटण्यानें दांडी गरकन् फिरते व तिच्या दुसऱ्या टोंकाचा दोरही निकामी होतो. आणि एक कोपरा बोटभर खालीं आहे पण सर्वत्र सारखाच हळूहळू चढतो, असें असेल तर भिण्याचें कारण नाहीं. दोर थोडा ताणून लांब झाला आहे. तो नटानें आवळतां येतो. मात्र त्यापूर्वीं गवंड्याची पाणसळ लावून गाडीच सपाट आहे ना, तें पाहावें. पुष्कळ वेळां छप्पर सरळ असतें व जमीन तिरपी असते.

छप्पर मर्यादेपलीकडे वर नेणें हाही दोर तुटण्याचा एक राजमार्ग आहे. कित्येक गाड्यांत कोपऱ्यांत एक बारीक दोरी लाविलेली असते. ती तंग झाली कीं थांबावयाचें. जुन्या गाडींत ही दोरी बहुधा तुटलेली असते. ती स्वस्त आहे. नवी लावून घ्यावी.

आमच्या भाच्यास प्रथम वाटलें कीं, दोराचा खराब भाग कापून दोन टोंकें चिमट्यांनीं जोडावीं. हें करूं नये. जोड कप्पीवरून जात नाहीं, आणि जुन्या दोराचा उरलेला भाग खराब भागाइतकाच वृद्ध असतो. त्यानें चारी दोर व सर्व कप्प्या नव्या आणिल्या. एक नवा व तीन जुने, असे मिसळले म्हणजे ताण सारखा राहत नाहीं. मुख्य दोराचें टोंक जेथें वळवून चिमट्यांनीं बांधावें लागलें, तेथें एक नियम आम्ही शिकलों: चिमट्याचें खोगीर भार ओढणाऱ्या लांब भागावर बसवावें, आणि नालासारखा वांकलेला बोल्ट वळविलेल्या तोकड्या टोंकावर यावा, उलट केलें तर बोल्ट भाराच्याच तारा चेंगरतो.

विंचच्या चकत्या धुऊन पाहाव्या, असें आमच्या मनांत होतें, कारण ती चूक आमची होती व खर्च भाच्याचा. त्यानें ऐकलें नाहीं. तेल प्यालेल्या चकत्यांचा भरंवसा नाहीं, म्हणून त्यानें सबंध विंचच नवें घेतलें, व त्याचें बरोबर होतें. नवें विंच बसवितांनाही एक घोंटाळा झाला. दोर ढोलावर उलट बाजूनें गुंडाळला गेला. दिसावयास सर्व ठीक दिसतें, छप्परही वर जातें. पण उलट गुंडाळलेल्या दोरास ब्रेक धरीत नाहीं. त्याची ओळख सोपी आहे. ‘टिक् टिक्’ आवाज छप्पर वर जातांना आला पाहिजे. खालीं येतांना येऊं लागला तर दोर उलटा आहे असें समजून तत्काळ थांबावें. शिवाय छप्पर पूर्ण खालीं असतांही ढोलावर दोराचे तीन-चार वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. सारा भार टोंकाच्या खिळीवर येतां कामा नये. जुन्या पद्धतीच्या, बिनब्रेकच्या व नुसत्या खिट्टीच्या विंचविषयीं तर अधिकच जपावें. खिट्टी उचलली कीं सारें वजन हँडलावर येतें, आणि हातांतून सुटलेलें हँडल मनगट मोडतें.

दोर उलटा गुंडाळला जाण्याचें आणखी एक कारण म्हणजे छप्पर खालीं घेतांनाची घाई. खांब आपल्या नळ्यांत आवळून बसले, तर हँडल उलटें फिरवूनही छप्पर खालीं येत नाहीं; दोर मात्र ढोलावरून सुटत जातो, ढिला पडतो, व तसेंच फिरवीत राहिल्यास दुसऱ्या बाजूनें गुंडाळूं लागतो. येथें हँडल एकाएकीं हलकें होतें, हीच खूण. लगेच थांबून ढिला दोर पुन्हां भरून घ्यावा, कोणता कोपरा अडला तें बाहेरून पाहावें, आणि त्या कोपऱ्यास बाहेरूनच, तळहातानें, हलकेंच दाबावें. आंत डोकें घालूं नये. कनातीची घडी किंवा दाराचा वरचा भाग मध्यें अडकला नाहीं ना, हेंही त्याच वेळीं पाहावें. खांबांस लावावयाचें तर कोरडें राहणारें सिलिकोनचें फवाऱ्याचें वंगण लावावें. चिकट ग्रीसनें धूळ धरते व कनातीवर डाग पडतात.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं सर्व जुळवून झालें. भाच्यानें हँडल धरलें. आम्ही, भाचेसून, मुलगा व एक शेजारी असे चौघे चार कोपऱ्यांस, हात पाठीमागें बांधून, नुसते पाहावयास उभे राहिलों. छप्पर टिक् टिक् करीत वर गेलें. वर गेल्यावर चारी टेंकू उभे केले, मग फीत घेऊन चारी कोपरे मोजले. उजव्या पुढच्या व डाव्या मागच्या कोपऱ्यांत अर्ध्या बोटाचा फरक राहिला होता, तो तसाच राहूं दिला. रात्रभर छप्पर वर ठेवून सकाळीं पुन्हां मोजलें. तेंच माप आलें. त्यानंतरच सरोवराकडे जावयाचा दिवस ठरला.

टेंकू आतां गाडीच्या पुढच्या पलंगाखालीं पट्ट्यानें बांधून ठेविलेले असतात. विंचच्या डब्यावर आम्हीं परत येण्यापूर्वीं पांढऱ्या रंगानें ‘येथें तेल घालूं नये’ असें ठळक अक्षरांत लिहिलें. मुलास देवनागरी वाचतां येत नाहीं, म्हणून त्यानें खालीं तेंच इंग्रजींत लिहून घेतलें. वरची ओळ केवळ आजोबांसाठीं आहे, असें तो येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतो.